एक वाघ बाकी

वर्ध्याला आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकाजींनी, पोरांना फिरायला न्यायचं ठरवलं की सगळ्यात आधी दोरी निघायची. कापसाच्या बैलबंडीवर आवळतात तसली जाड, खरखरीत दोरी, आणि तिला हातहातभर अंतरावर मारलेल्या गाठी. एका पोराला एक गाठ. दोरीचं पुढचं टोक त्यांच्या मनगटाला, आणि मागे आम्ही आपापली गाठ मुठीत धरून वरात काढल्यासारखे. माझी गाठ चौथी. नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. ‘गाठ नंबर दोन, नाक पूस’, ‘गाठ चार, मांग काय पाहून राह्यली?’ असा कारभार. मी मुलींच्या शाळेत पाचवीत, दोन वेण्या, वर्गात जरा मान असलेली मुलगी, आणि रविवारी भर बाजारातून दोरीला धरून चालायचं. समोरून वर्गातली कोणी आली की मी दोरीचं टोक फ्रॉकमागे लपवायची. पण अख्खी दोरी लपवायची कुठे?

एकदा स्टेशनवर आगगाड्या पाहायला गेलो होतो. एका हमालानं आमची रांग वरून खालपर्यंत न्याहाळली आणि काकाजींना विचारलं, “साहेब, हे पोट्टे कोन्या गाडीत चढवाचे आहेत?”

काकाजी म्हणाले, “चढवाचे नाईत. दाखवून वापस न्याचे आहेत.”

माझे वडील टेलिफोन खात्यात होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बदलीचा कागद आला तेव्हा वर्ध्याचा उन्हाळा कसा असतो हे कोणीतरी आईला सांगितलं आणि तिनं पोळी तव्यावर तशीच सोडून कपाळाला हात लावला. नालवाडीत काकाजींच्या घरामागे खोल्यांची एक ओळ होती, तिच्यात पाच बिऱ्हाडं. सगळी नोकरदार, सगळी बदलीची. काकाजींना स्वतःला मूलबाळ नव्हतं. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. नावं असतीलच, पण मी ती कधी ऐकली नाहीत.

काकाजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. दिवाळीनंतर केंद्र उघडलं की रस्त्यावर बंड्यांची रांग लागायची. काकाजी प्रत्येक बंडीत कोपरापर्यंत हात घालणार, मूठभर कापूस उपसणार, दोन अंगठ्यांच्या मध्ये धागा ताणून पाहणार, डोळे मिटणार आणि एक शब्द बोलणार. सुपर, मध्यम, फेअर किंवा कवडी. त्या एका शब्दासाठी शेतकरी रात्रभर बंडीखाली झोपलेला असायचा. काकाजींचा शब्द कोणी फिरवू शकलं नाही. एकदा एका मोठ्या शेतकऱ्यानं घरी संत्र्यांची टोपली पाठवली. काकाजींनी एक संत्रं सोललं, एक फोड खाल्ली, ‘मध्यम’ म्हणाले आणि टोपली जशीच्या तशी परत पाठवली. सोललेलं संत्रंसुद्धा सालीत गुंडाळून.

हे सगळं केंद्रावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण त्या अंगठ्यांना सुट्टी नव्हती. काकाजी आमचे ओले केस ताणून पाहायचे आणि ‘ओल आहे’ म्हणून वाळवायला परत पाठवायचे. माझा वर्गात पाचवा नंबर आला तर ‘मध्यम’. शेजारच्या बिऱ्हाडातल्या हेमंतच्या मुंजीतली जिलबी ‘फेअर’, गाण्याच्या कार्यक्रमातल्या बाई ‘फेअर’, त्यांची साडी ‘मध्यम’. आईनं नवीन असताना हौसेनं पुरणपोळ्या पाठवल्या. संध्याकाळी ताट परत देताना काकाजी दारातूनच सांगून गेले, “फेअर आहे, बाई.” आई आठ दिवस त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. शेवटी काकूंनीच समजूत घातली. “तुमाले फेअर तं भेटलं वं बाई. माह्या लग्नाले अठरा वर्षं झाले, माह्या वरणाले अजून कवडीच चालू आहे.” तेव्हापासून दोघींची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत.

सुपर मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. केंद्रावर देत असतील, पण गेल्या दोन हंगामांत तिथंही कोणाला मिळालं नाही, असं वडील म्हणायचे.

आता यादी. काकाजींची सहल दोनदा व्हायची. एका रविवारी ते एकटेच जाऊन जागा पाहून यायचे. त्याला ते पाहणी म्हणायचे. तिथं जे जे दिसलं ते कागदावर उतरवून घ्यायचे. पुढच्या रविवारी आम्हाला न्यायचे आणि यादीतली एकेक गोष्ट दाखवून तिच्यापुढे बरोबरची खूण करायचे. “पाह्यलं ते लिहा, लिह्यलं ते पाहा,” हा त्यांचा मंत्र. यादी पुरी झाल्याशिवाय घरी परत जायचं नाही. यादीत नसलेलं काही दिसलं तर तिकडे बघायचं नाही. एकदा बगिच्यात खराखुरा अस्वलवाला आला होता, अस्वल नाचत होतं, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून यादीतला ‘माळी एक’ शोधत होतो. माळी जेवायला घरी गेला होता. तो येईपर्यंत अस्वल निघून गेलं. हेमंत आजही भेटला तर मला त्या अस्वलाबद्दल बोलतो.

पवनारला धाम नदीवर गेलो तेव्हाची यादी मला अजून पाठ आहे. पूल एक, डोंगा एक, धोबी दोन, कुल्फीवाला एक, बगळे सात. पूल, डोंगा, धोबी लगेच झाले. कुल्फीवाल्याच्या वेळी तर आम्ही खूप मन लावून काम केलं. बगळे मात्र पाचच. मोजून मोजून पाच.

“मांगच्या रविवारी सात होते,” काकाजी म्हणाले. “म्हनजे सात आहेत.”

आम्ही खडकावर बसलो. दशम्या संपल्या, पाणी संपलं, खडक तापून बूड भाजायला लागलं. हेमंतनं सुचवलं की दोन धोब्यांनी पांढरे सदरे घातलेत, ते धरू या. काकाजींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं गाठ सोडून दोन्ही हातांनी कान पकडले. उन्हं कलल्यावर एक बगळा आला. सहा. आम्ही श्वास रोखून बसलो, तर तेवढ्यात आधीच्यातला एक उडून गेला. पुन्हा पाच. छकुली नावाची सगळ्यात लहान गाठ तिथंच रडायला लागली. अखेर कुठूनसे तीन एकदम उतरले, आठ झाले, आणि आता एक जास्त आहे म्हणून काकाजी विचारात पडले. आम्ही सगळ्यांनी मिळून इतका आरडाओरडा केला की एक बगळा घाबरून उडालाच. सात. काकाजींनी खूण केली आणि परतताना यष्टीत, दोन अंगठ्यांत हवेचा धागा ताणून, सहलीला ‘मध्यम’ दिलं.

तोवर माझ्यासमोर यादी अपुरी राहिली होती ती फक्त एकदा. बबनच्या वडिलांची अकोल्याला बदली झाली, त्या वेळी. बबन आमची दुसरी गाठ. त्याच्या शेवटच्या सहलीच्या यादीत ‘अजगर एक’ असं होतं. नाल्याच्या काठी आम्ही दिवसभर वाळलेली पानं तुडवत हिंडलो, अजगर काही निघाला नाही. काकाजींनी अजगरापुढे ‘बाकी’ असं लिहिलं आणि तो कागद बबनच्या खिशात घातला. आम्ही सगळ्यांनी त्या अजगराला नावं ठेवली. बबनच्या जागी नवीन बिऱ्हाडाचा पोरगा आला, पण त्याला दुसरी गाठ मिळाली नाही. काकाजींनी दोरीच्या शेपटाला नवीन गाठ मारून दिली. दुसरी तशीच रिकामी. तशा दोरीवर आधीच्याही बऱ्याच रिकाम्या गाठी होत्या. त्या का, हे आम्ही कधी विचारलं नाही. पोरांना असले प्रश्न पडत नाहीत.

मग आमची पाळी आली. दिवाळीच्या आधी वडिलांच्या हातात कोल्हापूरच्या बदलीचा कागद पडला. आई त्या रात्री देवापुढे साखर ठेवून आली. मी मात्र दोन दिवस कोणाशी बोलले नाही. तीन वर्षांत मला वर्ध्याची भाषा लागली होती. घरात ‘मला’ आणि अंगणात ‘मले’, अशा दोन जिभा मी सहज सांभाळायची. तिसऱ्या दिवशी मी काकाजींच्या ओसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, “काकाजी, मी जाऊन राह्यली. मले वाघ पाह्याचा आहे.”

खरं तर वाघाचं मी रागानं म्हणाले होते. काहीतरी न मिळणारं मागायचं आणि नाही म्हटलं की रडायचं, असा बेत होता.  पण काकाजी रविवारी एकटेच बोर धरणाकडे गेले, संध्याकाळी परतले आणि यादी माझ्या हातात दिली. धरण एक, होड्या दोन, माकडं तीस, मोर एक, रोही (म्हणजे नीलगाय) तीन, आणि सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरात, वाघ एक.

यादीत आहे म्हणजे काकाजींनी पाहिला. आणि काकाजींनी पाहिला म्हणजे आहे. मी शाळेत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, कोल्हापूरच्या आजीला पोस्टकार्ड टाकून सांगितलं की मी येईन ती वाघ बघूनच येईन. आठ दिवस मी जमिनीला पाय लावला नसेल.

दिवाळी झाली होती. केंद्र अजून उघडायचं होतं आणि त्या वर्षी मोहरम लगेच दिवाळीमागे आला होता, त्यामुळे गावागावांत ताशे ऐकू येत होते. आम्ही आठ जण दोरी धरून बोरला उतरलो. काकाजींनी नियम सांगितला. “वाघ दिसला तं दोरी सोडाची नाई.”

“आणि अंगावर आला तर?” हेमंतनं विचारलं. त्याची गाठ पहिली होती.

“तं पह्यल्या गाठीनं मले सांगाचं. मी पुढं पाहून राह्यलो असीन.”

हेमंतनं त्यानंतर दिवसभर आपली गाठ सगळ्यांना देऊन पाहिली. सोबत दोन करंज्या आणि एक भिंगरीसुद्धा देत होता. कोणी घेतली नाही.

बारापर्यंत यादी सरली. रोहीसुद्धा मोजून तीनच आले, अगदी सांगून ठेवल्यासारखे. राहिला वाघ. आम्ही एका मोठ्या झाडाखाली गाठीनं गाठ बसलो. एक वाजला, दोन वाजले. पान हललं की आठही जण हलायचो. छकुलीला शू लागली तर सगळ्यांना दोरीसकट झुडपापर्यंत जाऊन पाठ करून उभं राहावं लागलं. साडेतीनला चौकीवरचा गार्ड सायकलवरून आला, आमची माळ पाहून उतरला आणि म्हणाला, “साहेब, यष्टी चुकन. ह्या टायमाले येथी काय पाहून राह्यले?”

“वाघ,” मी म्हणाले.

गार्डनं काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी धरणाकडे पाहिलं. गार्ड सायकलवर बसला आणि गेला.

साडेचारला काकाजी उठले. यादी पुरी झाली नसताना उठले. मला ते पटेचना. “काकाजी, अजून बसू ना. सात बगळ्यांसाठी बसलो होतो ना आपण.” ते म्हणाले, “चाल, पोरी. शेवटची यष्टी आहे.” मी गाठ सोडून दिली आणि एकटीच पुढे चालायला लागले. रडत नव्हते, पण नाक वाहत होतं. आपल्यासाठी बगळ्याएवढंसुद्धा थांबले नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात.

यष्टी आली. दार उघडलं आणि आत वाघ.

पायापासून कपाळापर्यंत पिवळा, त्यावर काळे पट्टे, मिशा रंगवलेल्या, डोक्याला कान बांधलेले आणि मागे दीड हात लांब, चांगली मनगटाएवढी जाड शेपटी. मोहरमातला नवसाचा वाघ. तिकडे नवस फेडायला माणसं अशी अंग रंगवून सवारीपुढे नाचतात, हे मला माहीत होतं, पण यष्टीत तिकीट काढून निघालेला वाघ मी पहिल्यांदा पाहत होते. रंग ओला असल्यामुळे तो सीटवर बसत नव्हता, दांडीला धरून उभा होता. त्याच्यासोबत दोन ताशेवाले, आणि त्यातल्या एकाच्या हातात शेपटीचं टोक, लोकांनी तुडवू नये म्हणून. कंडक्टर त्याच्याशी वाद घालत होता.

“हे शेपटी रस्त्यात येऊन राह्यली. हिचं लगेज लागन.”

“अंगाले शिवली आहे. लगेज कसं?” वाघ म्हणाला.

“मंग आत घ्या.”

“कोठी घेऊ? तुमीच सांगा.”

हेमंत पहिल्या गाठीला शोभेल अशा आवाजात ओरडला, “काकाजी, वाघ!” आणि बाकीची पोरं सुरू झाली. “लिहा काकाजी, वाघ एक! यादी झाली!” मीसुद्धा डोळे पुसले. मला तेव्हा काहीही चाललं असतं. ती खूण पाहिजे होती मला.

पण काकाजींचं वाघाकडे लक्षच नव्हतं. शेपटीची शिवण एका जागी उसवली होती आणि त्यातून पांढराशुभ्र कापूस डोकावत होता. काकाजींचा हात आपोआप तिकडे गेला. चिमूटभर कापूस उपसला, दोन अंगठे जुळले. वाघानं मान वळवली आणि तो दचकलाच.

“बाप्पा! साहेब तुमी? मांगच्या साली माह्या बंडीले तुमीच फेअर देल्लं. आता शेपटीलेही सोडत नाई काय?”

“उगा राय,” काकाजी म्हणाले.

“पह्यल्या वेच्याचा आहे साहेब तो. माहा बैल मरून राह्यला होता. म्या म्हटलं, बैल वाचला तं मी वाघ होईन आन शेपटीत पह्यला वेचा भरीन.”

“बैलासाठी वाघ झाला?” कंडक्टर म्हणाला.

“झालो ना. बैलाले माईत नाई. त्याले दाखवलं नाई अजून.”

काकाजींनी डोळे मिटले. धागा ताणला, सोडला, पुन्हा ताणला. कचरा आहे का, ओल आहे का, पिवळट कवडी आहे का, सगळं बोटांनी पाहून झालं. यष्टी सुरू झाली होती, पण आतल्या सगळ्यांच्या माना तिकडेच वळलेल्या. शेतकरीच होते सगळे. त्यांना तो अंगठा ओळखीचा होता.

“सुपर,” काकाजी म्हणाले.

 वाघानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याच्या मिशा तळव्यांना लागून आल्या. ताशेवाल्यांनी बसल्याजागी ताशा वाजवायला घेतला. कंडक्टरनं शेपटीचं लगेज सोडून दिलं. नाक पुसून वाघाला आमची आठवण झाली. माझा चेहरा पाहून त्यानं विचारलं, पोरगी काऊन रडते म्हणून. हेमंतनं सगळं सांगितलं. तेव्हा वाघ काकाजींना म्हणाला, “मंग लिहून टाका ना साहेब. मी आहो ना. पोरीसाठी लिहा, वाघ एक. म्हनत असान तं डरकाळी देतो.”

आणि दिली त्यानं. छकुली सीटखाली गेली.

मी यादी काकाजींपुढे धरली. काकाजींनी पेन काढलं, माझ्याकडे पाहिलं, वाघाकडे पाहिलं. “तुह्या कापसाले म्या कधी खोटं ग्रेड नाई देल्लं,” ते वाघाला म्हणाले. “मंग तुले कसं देऊ? कापूस सुपर आहे. वाघ फेअर आहे.” आणि वाघापुढे लिहिलं, बाकी.

मी काकाजींशी बोलणं टाकलं. चार दिवसांनी आमचा ट्रक भरला. काकू आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी ट्रकच्या पुढच्या सीटवर ताठ बसले होते. काकाजी खिडकीशी आले आणि तो कागद माझ्या हातात कोंबला. “बाकी आहे,” म्हणाले. “येजो.” मी तोंड फिरवलं. एवढा प्रेमाचा माणूस, आणि निरोपाला मी त्याला माझी वेणी दाखवली. ट्रक वर्ध्याबाहेर पडला नसेल तोच मला रडू फुटलं, पण वडील काही ट्रक मागे वळवणार नव्हते.

कागद कंपासपेटीत राहिला. मग वहीत, मग कॉलेजच्या फाईलमध्ये. नऊ वर्षांनी एका मुलाखतीसाठी नागपूरला आले. मुलाखत संपेपर्यंत संध्याकाळ झाली. मी स्टेशनवर गेले आणि कोल्हापूरकडच्या गाडीची चौकशी करायच्या ऐवजी वर्ध्याचं तिकीट मागून बसले. रात्र वर्धा स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढून सकाळी नालवाडीत.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक केले. “टेलिफोनवाल्याची ना वं तू? गाठ चार?”

काकाजी रिटायर झाले होते आणि मागे कुठे तरी नळाशी भांडत होते. मी काकूंना कागद दाखवला. हसत हसतच दाखवला. काकू उठल्या, आत गेल्या आणि दोरी घेऊन आल्या. केवढी लांब झाली होती ती.

“हे गाठ बबनची, त्याचा अजगर बाकी,” त्या बोटानं दाखवत म्हणाल्या. “हे पोस्टातल्या साहेबाच्या पोरीची, तिचं पांढरं हरीन. हे छकुलीची. तिच्या यादीत तं त्यायनं मगर लिह्यली. वर्ध्यात मगर! ज्याच्या बापाची बदली झाली त्याच्या यादीत न दिसनारं काईतरी टाकतेच हा मानूस. म्हंजे पोट्टे पाह्याले तरी येतीन.”

नऊ वर्षं मला वाटत होतं की माझा वाघ नुसताच हुकला होता. “येतं का कोणी?” मी विचारलं.

“बबन दोनदा आला. अजगर भेटला नाई तं दोघंही लय खुश होते.”

तेवढ्यात काकाजी आले. हात ओले. मला पाहून थबकले. कशी आहेस नाही, वडील कसे आहेत नाही. “कागद आनला?” मी दिला. त्यांनी स्वतःचं अक्षर डोळ्याजवळ नेऊन तपासलं.

“काकाजी,” मी म्हणाले, “पाह्यलं ते लिहा, लिह्यलं ते पाहा. तुम्ही त्या रविवारी वाघ पाहिला होता?”

काकाजींनी ओले हात धोतराला पुसले. कान लाल झाले होते. जन्मभर कापसाच्या एका बोंडाला खोटं बोलला नव्हता तो माणूस.

“यष्टी साडेनवाची आहे,” ते म्हणाले. “चुकन.” आणि दोरीचं पुढचं टोक मनगटाला गुंडाळलं.

मी मुलाखतीची इस्त्रीची साडी नेसलेली, वीस वर्षांची, आणि नालवाडीच्या रस्त्यावरून चौथी गाठ धरून चालत होते. माझ्या पुढे तीन रिकाम्या, मागे पंधरा. शेपूट धुळीत लोळत होतं. पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. या वेळी मी काही लपवलं नाही.

बोरला आम्ही त्याच झाडाखाली बसलो. माकडं होती. मोर ओरडला, दिसला नाही. काकाजी वाकून बसत होते, गुडघे धरत होते, आणि दर थोड्या वेळानं झाडीकडे अशा आशेनं पाहत होते की मला भीती वाटायला लागली, आज चुकून आलाच तर?

नाही आला. साडेचारला ते उठले आणि अंगठे जुळवायच्या ऐवजी माझ्याकडे वळून म्हणाले, “तू सांग. ग्रेड?”

मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. मी दोन अंगठ्यांत हवेचा धागा धरला, ताणला, डोळे मिटले. सुपर अगदी जिभेवर आलं होतं.

“फेअर,” मी म्हणाले.

काकाजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “बरोब्बर,” ते म्हणाले. “वाघाबिगर सुपर कसं देशीन?” त्यांनी पेन काढलं, जुन्या ‘बाकी’च्या खाली पुन्हा एकदा ‘बाकी’ लिहिलं, कागदाची घडी घातली आणि माझ्या मुठीत ठेवून मूठ बाहेरून दाबली.

“येजो,” म्हणाले.

“येतो काकाजी,” मी म्हणाले आणि माझी गाठ उचलली.